जागलीचं आभाळ

कापसाच्या दिवसांत आमच्याकडच्या बाभळींना कापूस लागतो. पुण्याकडच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो आणि मग आपल्याला समजावून सांगू लागतो. सांगू द्यावं. वऱ्हाडातल्या रस्त्यांवरून कापसानं शिगोशीग भरलेल्या गाड्या जातात, वरच्या फांद्या वाकून बसलेल्या असतात आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून त्यांचे काटे चिमूट-चिमूट ओढून घेतात. तुळशीचं लग्न लागेपर्यंत सगळी बाभूळ पांढरी होते. पूर्वी बैलगाड्या होत्या, आता ट्रॅक्टर आणि टेम्पो आहेत. काट्यांची सवय तीच आहे.

परवा रोहिणी, माझी थोरली मुलगी, खामगावहून आली ती पदराला कापूस घेऊनच. तिला पत्ताही नव्हता. ती चहा टाकायला वळली आणि पाठीवर पांढरा पुंजका दिसला. मी पलंगावर पडल्या पडल्या म्हटलं, "अगं, तुझ्या पाठीवर कापूस आहे." तिनं तो काढला, माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "घे. वेचणी सुरू झाली."

तेवढ्या पुंजक्यानं माझी दुपार गेली.

मी सध्या बुलढाण्याला रोहिणीकडे आहे, गुडघ्याचं ऑपरेशन करून. ऑपरेशन छान झालं, असं सगळे म्हणतात. डॉक्टर म्हणाले, आजी, आता चालायचं. मी म्हटलं, उद्यापासून. असे बरेच उद्या झाले. दुखतं म्हणून नाही. खरं सांगायचं तर मला भीती वाटते, आणि भीती वाटते हे सांगायची लाज वाटते. म्हणून मी भिंतीकडे तोंड करून पडते आणि कोणी आलं की डोळे मिटते. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांना 'ऊठ, ऊठ' म्हणत घर चालवलं तिनं असं करावं, हे शोभत नाही. पण या घरात मला शोभा शिकवणारं आता कोणी उरलेलं नाही.

भिंतीकडे तोंड करून पडायची माझी ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला मी एकोणीस-वीस वर्षांची होते, आणि कुशीत ही रोहिणी होती.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. आमच्या पिंपळगाव राजाला त्याचा फरक एवढाच, की शाळेच्या भिंतीवर नवीन नकाशा आला आणि मास्तरांनी आमच्या गावाच्या जागी पेन्सिलीनं ठिपका काढला. वीज नव्हती. कंदील, चिमणी आणि आभाळ, एवढाच उजेड. आभाळाचा उजेड म्हटलं की कोणाला ते काव्य वाटेल, पण आमच्या घरी तो कामाचा उजेड होता. माझे बाबा जागलीला जायचे. जागल म्हणजे पिकाची रात्रीची राखण. शेतात चार बल्ल्या रोवून त्यावर माळा बांधलेला, त्याचं तोंड दक्षिणेकडे. घड्याळ नव्हतं. बाबा ताऱ्यांवर वेळ सांगायचे.

मी चौथी-पाचवीत असल्यापासून हट्ट करून त्यांच्याबरोबर माळ्यावर जायची. पोरीला शेतात नेता म्हणून माय ओरडायची. बाबा म्हणायचे, "येऊ दे वं. बोलाले कोणी पायजे." अंधार पडला की आम्ही दोघं माळ्यावरून पाय खाली सोडून बसायचो. मागे उत्तर, पुढे दक्षिण, डाव्या हाताला उगवत, उजव्या हाताला मावळत. उगवतीकडून आधी कृत्तिकांचा घोस यायचा, मग लालसर रोहिणी, मग हरीण. चार कोपऱ्यांना हरणाचे चार पाय, पोटात तीन ताऱ्यांचा बाण, त्याला आम्ही तिकांडं म्हणतो. आणि हरणाच्या मागं मागं, खाली, चमचम करत शिकारी. व्याध. बाबा त्याला शिव्या द्यायचे. "पाह्य, आला लेकाचा. रोज येते अन् रोज हात हलवत जाते."

त्यांचा एकच नियम होता. जागलीत आडवं पडायचं नाही. "आडवा पडला का जागल्या मेला," असं म्हणायचे. मला झोप आली की ते मला माळ्याच्या बल्लीला पाठ टेकवून बसवायचे आणि गोधडी गुंडाळायचे. पण बसवायचे. माझं सगळं आभाळ असं बसून पाहिलेलं होतं.

लग्न होऊन मी जळगाव जामोदला गेले. नवरा मास्तर, माणूस गरीब गाईसारखा. घर गावात, अंगणाला उंच भिंती, वर पाहिलं तर आभाळाचा एक तुकडा, गोधडीला ठिगळ लावावं एवढा. सातपुडा जवळ होता, पण तो उत्तरेला. सासू म्हणाली, पहिलं बाळंतपण माहेरी. मी दिवस मोजले तर ते बरोबर कापसाच्या हंगामात येत होते. मला बाळाचा आनंद झाला हे खरंच, पण आता इतक्या वर्षांनी लपवायचं कशाला, मला जागलीचा आनंद जास्त झाला. बाळाला घेऊन माळ्यावर बसू, असं माझ्या डोक्यात होतं. बाळंतपण म्हणजे काय याची एवढीच अक्कल मला होती.

पिंपळगावला आले, कळा आल्या, सुईण आली, पोरगी झाली आणि माझ्यामागे दार लागलं. बाळंतिणीची खोली! ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना काय सांगावं. आमचं धाब्याचं घर. जाड मातीच्या भिंती, वर तुळया आणि फळ्या, त्यावर मातीचं धाबं. ही खोली पूर्वी स्वयंपाकाची होती, त्यामुळे वरच्या फळ्या वर्षानुवर्षांच्या धुरानं काळ्याकुट्ट झालेल्या. एक खिडकी, अंगणाकडे उघडणारी. तिला गोणपाट ठोकलेलं, कारण वारं लागायला नको. दाराला दुसरं गोणपाट. कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर ओव्याची धुरी. सवा महिना बाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि पुरुष माणसानं आत यायचं नाही. बारशापर्यंत तर बापानंसुद्धा नाही.

बाहेर हंगाम चालू होता. पहाटे वेचणाऱ्या बायांची हाळी ऐकू यायची, बांगड्या ऐकू यायच्या. दुपारी कापसाची गाठोडी अंगणात धप्पकन पडायची. संध्याकाळी बाबांच्या वहाणा करकरत फाटकाबाहेर जायच्या. जागलीला. त्या करकरीसरशी मी भिंतीकडे तोंड वळवायची.

मग मी वळवलेलं तोंड परत फिरवायचंच सोडून दिलं. खाणं नको वाटे. बोलणं नको वाटे. पोरगी रडे, तिला कोणी माझ्याजवळ ठेवलं की मी तिच्याकडे पाहत पडे, कोणा दुसऱ्याचं मूल असावं तसं. दूध आटायला लागलं. आता याला डॉक्टरी नाव आहे, गोळ्या आहेत. तेव्हा माय एवढंच म्हणायची, "पोरीचं मन उडालं." तिनं लिंबं-मिरच्या उतरवल्या, अंगारा लावला, शेवटी माझ्या पायाशी बसून रडली. मी ऐकत होते. मला तिची कीव आली नाही, हे मला आठवतं. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. सुईण जाता जाता दारात हळूच म्हणाली, "उठवा माय हिले. नाहीतर दोघीबी जातीन." ते मीही ऐकलं आणि मायनंही. खिडकीबाहेर लिंबाखाली बाबा बसले होते, त्यांनीही ऐकलं असणार.

दुसऱ्या दिवशी गावात बाजार होता, म्हणून वेचणी बंद. दुपारी खिडकीच्या गोणपाटापलीकडून बाबांचा आवाज आला. "अवं, डिंक हाये का घरात?"

"हाये. काऊन?" मायनं विचारलं.

"वाटीभर भिजव."

"बाळंतिणीच्या लाडवाचा हाये थो! तिच्याचसाठी आणला खामगावहून."

"तिच्याचसाठी भिजव म्हणतो."

मग बाहेर बराच वेळ कुजबूज चालली. माझी वहिनी, दादाची बायको, अंगणात बोलावली गेली. नंतर तिनं आत शिडी आणली. शेगडी उचलून ओसरीत नेली. मग टोपलीभर कापूस आणला. निवडलेला, पांढराशुभ्र, सरकी काढलेला. आणि मग जे सुरू झालं त्याला तमाशा म्हणावं की पूजा म्हणावी हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाबांना आत यायचं नव्हतं. वहिनीनं सासऱ्यासमोर मोठ्यानं बोलायचं नव्हतं. त्यामुळे बाबा बाहेरून हुकूम सोडत, वहिनी शिडीवरून मायला कुजबुजून विचारी, माय ते ओरडून बाबांना विचारी, आणि बाबा ओरडून उत्तर देत. वहिनीला ते उत्तर चांगलं ऐकू येत असे, तरी माय तिला ते परत सांगे. गोणपाटाच्या जाडीएवढ्या अंतरावर ही टपालखात्याची सोय चालली होती.

"तिकांडं मधात घ्या. मधल्या तुळईच्या जवळ. तीन ठिपके, एका रेघंत, जरासे तिरपे."

"मामाजींले विचारा, किती तिरपे?"

"किती तिरपे म्हणते थे!"

"चुलीवर तवा कलते तेवढे!"

"तवा कलते तेवढे म्हणते."

वहिनी बोट डिंकात बुडवी, कापसाची बारीक गोळी करी, काळ्या फळीवर दाबून धरी आणि तोंडातल्या तोंडात हसे. तिची बोटं एकमेकांना चिकटत. डिंकाचा ओघळ तिच्या कोपरापर्यंत आला होता. माय शिडी धरून उभी, तिच्या डोक्यावर कापसाचे धागे.

"आता हरणाचे पाय. दोन उगवतीकडं, दोन मावळतीकडं. तिकांडं पोटात आलं पायजे. अन् डोकं उत्तरेकडं. डोकं बारीक. तीळ-तीळ घ्या."

"रोहिणी कुठं म्हणते."

"डोक्याच्या मावळतीले, हातभर सोडून. थे लाल असते. कुकू लावा तिले."

मायनं देवघरातून करंडा आणला. रोहिणीला कुंकू लागलं. मग तिच्याही पलीकडे कृत्तिकांचा घोस. मग मधल्या जागेत, वहिनीच्या मनानं, वाटेल तशा चिल्लर चांदण्या. त्याला बाबांची हरकत नव्हती. "चिल्लर कुठंबी टाका. आभाळातबी तसंच हाये," ते म्हणाले.

शेवटी व्याध राहिला. "सगळ्यात मोठा घ्या. उगवतीच्या अन् दक्षिणेच्या कोपऱ्यात."

वहिनीनं टोपलीतली मोठ्यातली मोठी गोळी केली. माय म्हणाली, थांब. शिडी सोडून देवघरात गेली, आणि वहिनी वर एकटी डुगडुगत राहिली. आमच्याकडे वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात सीतादई पुजतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवून मग कापसाला हात लावतात. त्या दिवशीचं पहिलं बोंड आमच्या घरी वर्षभर देवाजवळ ठेवायचे. त्याला कोणी शिवायचं नाही, ती घरातली लक्ष्मी. माय ते बोंड घेऊन आली. वहिनीच्या हातात दिलं. वहिनीनं खाली पाहिलं. ते अख्खं बोंड तिनं आग्नेयेच्या कोपऱ्यात दाबून बसवलं.

हे सगळं होईपर्यंत मी काय करत होते? भिंतीकडे तोंड. पण कान उघडे होते. तिकांडं म्हटल्यावर माझा एक डोळा उघडला होता. कोणाला कळू दिलं नाही एवढंच.

संध्याकाळ झाली. बाजारातून लोक परतायला लागले. खोलीत वहिनीनं कंदील कोनाड्यात ठेवला आणि वात बारीक केली. काळ्या फळ्या तर अंधारात दिसेनाशाच झाल्या, पण कापूस दिसत राहिला. माय माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "बाई, पाह्य वं जरा वर."

मी पाठीवर वळले आणि वर पाहिलं.

आणि मला राग आला. किती दिवसांनी काहीतरी आलं होतं, आणि तो राग होता. मी म्हटलं, "उलटं हाये."

वहिनीच्या हातातली वाटी पडली.

"काय म्हणतं वं?" मायनं विचारलं.

"उलटं हाये सगळं! हरणाचं डोकं खाली, व्याध वर. व्याध वर असते का कधी? रोहिणी पाह्य कुठं गेली. कोणी सांगतलं असं लावाले?"

माय खिडकीकडे धावली. "अहो, बोलली! बोलली! उलटं हाये म्हणते!" वहिनी हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती, आणि डिंकाचे हात असल्यामुळे पदर तिच्या गालाला चिकटत होता. मी मात्र खवळले होते. मी लहानपणापासून पाहत आले ते आभाळ, त्याची ही गत! मी तक्रार करत होते आणि घरातल्या बायांना दिवाळी झाली होती.

बाहेरून बाबा शांतपणे म्हणाले, "उलटं नाही. तुहं डोकं कुठं हाये?"

माझं डोकं दक्षिणेला होतं. आमच्यात उत्तरेला डोकं करून झोपत नाहीत, मेलेल्या माणसाला तसं ठेवतात. मी उशी उचलली आणि पायथ्याकडे ठेवली. मायनं ती हिसकून घेतली. "उत्तरेले डोकं? बाळंतिणीनं? तोंडाले अन् डोक्याले काही भान हाये का नाही!"

"मग मले दिसणार कसं?"

"थे जागलीचं आभाळ हाये," बाबा म्हणाले. "जागलीत कोणी आडवं पडते का?"

मी मायकडे पाहिलं. ती दुसरीकडे पाहू लागली. मग मी बाजेच्या कडेला हात लावला आणि बसले. चक्कर आली, वहिनी पुढे झाली, मी तिचा हात झटकला. झटकायचं बळ होतं तर. पाय खाली टेकवले. किती दिवसांनी जमीन लागली पायांना, थंडगार, सारवलेली. बाज धरून धरून पायथ्याकडे गेले आणि उत्तरेच्या भिंतीला पाठ टेकून खाली बसले. तिथं एक गोधडी घडी घालून ठेवलेली होती, तिच्यावरच बसले. वर पाहिलं.

माझ्या डाव्या हाताला उगवत होती. उजव्या हाताला मावळत. समोर हरीण उभं होतं, चारी पायांवर, पोटात बाण घेऊन. वर उजवीकडे रोहिणी, कपाळाला कुंकू लावून बसलेली. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, लक्ष्मीच्या बोंडाचा, हा एवढा मोठा व्याध.

मी म्हटलं, "आला लेकाचा."

बाहेर बाबा जोरात खोकले. ते रडताना असेच खोकायचे.

"पोरीले दे इकडं," मी म्हटलं. वहिनीनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. आणि ती एवढीशी पोरगी, जी माझ्याकडे वळत नव्हती, की मीच तिच्याकडे वळत नव्हते, ती चटकन प्यायला लागली. अधाशासारखी. मी मायला म्हटलं, मला भूक लागली आहे. माय म्हणाली, भाकर आणते, लाडू मात्र आता मागू नको, डिंक सगळा वर गेला.

मग पुढचे दिवस किती मजेत गेले! संध्याकाळ झाली की मी भिंतीशी जाऊन बसायची. बाबा जागलीला जायच्या आधी खिडकीशी लिंबाखाली बसायचे. आमच्यामध्ये गोणपाट. ते म्हणायचे, आज कृत्तिका लवकर दिसल्या. मी म्हणायची, माझ्या तर दिवसभर दिसत होत्या. कधी कधी डिंक सुटे आणि एखादी चिल्लर चांदणी गिरक्या घेत खाली येई. एकदा ती बाळाच्या कपाळावरच पडली. वहिनी म्हणाली, तारा तुटला, मागा ताई काहीतरी. मी जिलबी मागितली. बाळंतिणीला कोणी जिलबी देत नाही, पण तिनं मायची नजर चुकवून एक तुकडा आणला. इतकी गोड जिलबी मी पुन्हा खाल्ली नाही.

बारशाला जळगाव जामोदहून मास्तर आले, माझे यजमान. सोहळा त्याच खोलीत होता. त्यांनी आत पाऊल टाकलं, वर पाहिलं, चष्मा पुसला आणि दादाला हळूच विचारलं, "तुमच्या धाब्यातून कापूस गळतो का?" त्यावर सगळी खोली हसली, आणि त्यांना का हसतात ते कळेना. शेवटी मीच त्यांना उत्तरेच्या भिंतीशी नेऊन बसवलं. ते बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, हे तर अगदी बरोबर आहे. जसं काही कोणी चूक म्हणत होतं!

बाबा त्या दिवशी पहिल्यांदा खोलीत आले. छताकडे पाहायच्या आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाळाकडे, आणि मग वर. व्याधाकडे त्यांची नजर थांबली. ते बोंड कुठलं हे त्यांनी बरोबर ओळखलं. मायकडे पाहून म्हणाले, "लक्ष्मी वर चढवली का?" माय म्हणाली, "मंग काय करू? लेक खाली होती ना." पोरीचं नाव रोहिणी ठेवलं. घरातल्या म्हाताऱ्या नातेवाइकांच्या मनात गंगू होतं. पण कुंकू लावलेला तारा डोक्यावर असताना गंगूचं काही चाललं नाही.

ते घर आता नाही. दादाच्या मुलांनी तिथं स्लॅबचं बांधलं, चांगलं ऐसपैस, हवेशीर. वाईट वाटायचं काही कारण नाही, धाब्याच्या घरात विंचू फार होते. बाबा गेले, माय गेली, मास्तरही गेले. वहिनी आहे. फोनवर अजून म्हणते, ताई, माझी बोटं अजून चिकटतात.

एक गोष्ट मात्र मी त्यांतल्या कोणालाच कधी विचारली नाही. मला वाटायचं, बाबांच्या मनात जागलीचं आभाळ होतं, तेच त्यांनी सांगितलं, माझी बाज कशी आहे याचा त्यांना विसर पडला. बाहेर बसलेल्या माणसाला काय कळणार. नंतर वेळ मारून नेली आणि त्यातून माझं भलं झालं. आयुष्यभर मी ही गोष्ट अशीच सांगत आले, बाबांच्या चुकीची गोष्ट म्हणून. रोहिणीनं ती शंभरदा ऐकली आहे.

काल दुपारी मला डोळा लागला होता. खुडबूड ऐकून जाग आली तर ही साठीची बाई स्टुलावर चढलेली. माझ्या खोलीच्या छताला काहीतरी चिकटवत होती. बाजारात प्लास्टिकच्या चांदण्या मिळतात, दिव्याचा उजेड पितात आणि दिवा मालवला की हिरवट चमकतात. मी ओरडले, "उतर खाली! एक गुडघा पुरे आहे घरात." ती म्हणाली, "झालंच." मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

संध्याकाळी तिनं दिवा मालवला, दार अर्धवट ओढलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी वळून वर पाहिलं.

हरणाचं डोकं खाली. व्याध वर.

"रोहिणी," मी हाक मारली, "उलटं लावलंस गं."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. "उलटं नाही, आई. तुझं डोकं कुठं आहे?"

मला हसू आलं. नक्कल करते आजोबांची, ज्यांचा हिला चेहराही नीट आठवत नाही. मी मान वळवून पायथ्याकडे पाहिलं. उत्तरेच्या भिंतीशी एक खुर्ची होती. बैठी नाही, चांगली उंच, ऑपरेशनवाल्या गुडघ्याला सोसेल अशी. तिच्यावर उशी आणि पाठीला घडी घातलेली शाल. ती चार दिवसांपासून तिथं होती. मी समजत होते पाहुण्यांसाठी ठेवली आहे.

मी खुर्चीकडे पाहत राहिले, आणि मला ती गोधडी दिसली. पिंपळगावच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीशी, घडी घालून ठेवलेली. मी उठून तिच्यावर बसले होते. जेवण वाढल्यावर पाटावर बसावं तशी बसले होते, आणि ती तिथं आधीपासून का होती हे साठ वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. बाबांना आत यायचं नव्हतं. म्हणजे त्यांनी ती दुपारी, त्या कुजबुजीत, वहिनीला ठेवायला सांगितली होती. कापसाची पहिली गोळी वर चिकटायच्या आधी. मायला ठाऊक होतं. वहिनीला ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं की आभाळ उलटं दिसणार आहे.

फक्त मलाच उठायचं होतं.

"रोहिणी," मी म्हटलं, "तो वॉकर इकडे सरकव. आणि हात धरू नकोस."